एका नकाराचा जमाखर्च : उवे झेलर, हॅम्बुर्ग, १९६१

१९६१ च्या वसंतात इंटर मिलानचा प्रशिक्षक हेलेनिओ हेरेरा हॅम्बुर्गला आला आणि आल्स्टर तलावाकाठच्या अटलांटिक हॉटेलात उतरला. काम एकच होतं: एचएसव्ही या हॅम्बुर्गच्या फुटबॉल क्लबचा चोवीस वर्षांचा सेंटर फॉरवर्ड उवे झेलर याची सही घेऊन परत जायचं. बोलणी काही दिवस चालली आणि दर बैठकीला आकडा चढत गेला. हॅम्बुर्गात आजही सांगतात तो आकडा बारा लाख मार्कांचा. त्या वर्षी पश्चिम जर्मनीतल्या नोकरदाराची वर्षाची सरासरी कमाई साधारण ६,७०० मार्क होती. म्हणजे एका माणसाने पावणेदोनशे वर्षं नोकरी केली असती तर जे हाती आलं असतं, ते एका सहीवर मिळत होतं.

झेलरने नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर १९७२ पर्यंत तो एचएसव्हीकडूनच खेळला.

जर्मनीत ही गोष्ट साठ वर्षं भक्तिकथेसारखी सांगितली जाते: पैशाला लाथ मारणारा, मातीला जागणारा साधा माणूस. माणूस साधा होता, त्यात शंका नाही. पण हा नकार नुसत्या साधेपणातून आला असं मला वाटत नाही. तो बऱ्यापैकी पक्क्या हिशोबावर उभा होता. झेलर क्लबशी एकनिष्ठ राहू शकला, कारण त्याचं पोट क्लबवर अवलंबून नव्हतं. प्रकरण त्या बाजूने तपासलं की बऱ्याच गोष्टी जुळून येतात, काही मात्र बोचतातही.

सुरुवात घरापासून करू. उवेचे वडील एर्विन झेलर हॅम्बुर्ग बंदरातले कामगार. जहाजांवरचा माल पडावांतून वाहून नेण्याचं काम ते करत. तेही फुटबॉलपटू, आणि चांगलेच नावाजलेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत जर्मनीत कामगार चळवळीची स्वतःची क्रीडा संघटना होती. तिच्या स्पर्धा वेगळ्या, तिचा ‘राष्ट्रीय’ संघही वेगळा. एर्विन लॉर्बेअर या कामगार वस्तीतल्या क्लबकडून खेळायचे आणि १९३१ मध्ये व्हिएन्नात झालेल्या कामगार ऑलिम्पिकमध्ये त्यांनी नाव गाजवलं. पुढच्याच वर्षी ते व्हिक्टोरिया या ‘बुर्झ्वा’ क्लबात गेले. कामगारांच्या वर्तमानपत्राने त्यांच्यावर झोड उठवली. वर्गाशी गद्दारी, असा एकंदर सूर. पुढे १९३८ मध्ये ते एचएसव्हीत आले.

म्हणजे जर्मन फुटबॉलमधल्या निष्ठेचा पुतळा ठरलेल्या माणसाचा बाप क्लब बदलल्याबद्दल छापील शिव्या खाऊन बसला होता. झेलरच्या आयुष्यावर लिहिताना हा तपशील बहुतेक जण एका ओळीत उरकतात. मला तो कळीचा वाटतो. बंदरावरच्या त्या घरात क्लब सोडणं म्हणजे काय आणि त्याची किंमत कोण कशी वसूल करतं, हे सगळ्यांना ठाऊक असणार. आणि एर्विन गेले ते काही चैनीसाठी नव्हे. १९३२ म्हणजे मंदीचं, बेकारीचं वर्ष.

उवेचा जन्म ५ नोव्हेंबर १९३६ चा. नऊ वर्षांचा असताना, १९४६ मध्ये, बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या शहरात तो एचएसव्हीच्या मुलांच्या संघात आला. थोरला भाऊ डीटरही तिथेच. अंगाने बुटका, जेमतेम पाच फूट सहा-सात इंच, पण मांड्या भक्कम आणि हवेत उसळी अशी की उंच बचावपटूंच्या डोक्यावरून चेंडू टोलवायचा. ऑक्टोबर १९५४ मध्ये, अठरा पूर्ण व्हायच्या आत, त्याला प्रशिक्षक झेप हेरबेर्गरने फ्रान्सविरुद्ध राष्ट्रीय संघात उतरवलं. जर्मनी विश्वविजेती होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते.

एवढं असूनही त्याने मालवाहतुकीच्या व्यवसायाचं रीतसर शिक्षण घेतलं. हे हौसेखातर नव्हतं. तेव्हा पश्चिम जर्मनीत पूर्ण व्यावसायिक फुटबॉल नव्हताच. खेळाडू ‘करारबद्ध’ असत. त्यांना क्लब महिन्याला चारशे मार्कांच्या आसपास पैसे देऊ शकत असे आणि खेळाडूला दुसरं कामही असावं ही अपेक्षा असे. टेबलाखालून काही दिलं जाई, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तो वेगळा विषय. देशभराची एक लीगही नव्हती. पाच प्रादेशिक लीग होत्या आणि त्यांतले अव्वल संघ शेवटी राष्ट्रीय विजेतेपदासाठी भिडत. उत्तरेच्या लीगमध्ये एचएसव्हीने १९५५ ते १९६३ सलग नऊ वर्षं विजेतेपद मिळवलं. राष्ट्रीय पातळीवर मात्र १९५७ आणि १९५८ चे अंतिम सामने हरले. १९६० मध्ये फ्रँकफर्टला कलोन संघाविरुद्ध ३-२ असा विजय मिळाला तेव्हा त्यातले दोन गोल झेलरचे होते.

त्या विजेतेपदामुळे एचएसव्ही युरोपियन चषकात गेला आणि तिथूनच इटालियन डोळे वळले. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी इंग्लंडच्या बर्नलीला पहिल्या सामन्यात १-३ हरूनही घरच्या मैदानावर ४-१ असं उलथवलं. उपांत्य फेरीत समोर बार्सेलोना. तिथे ०-१, आणि हॅम्बुर्गला परतीच्या सामन्यात २-० अशी आघाडी. दुसरा गोल झेलरचा. अंतिम फेरी समोर दिसत असताना अगदी शेवटच्या क्षणी शांडोर कोचिशने डोक्याने गोल मारला. दोन सामने मिळून २-२ अशी बरोबरी. बरोबरीत परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जातो, हा नियम तेव्हा नव्हता. तिसरा सामना ब्रुसेल्सला झाला आणि बार्सेलोनाने तो १-० जिंकला.

हेरेराचा प्रस्ताव आला तो या वसंतात. तो स्वतः बार्सेलोना सोडून वर्षभरापूर्वीच मिलानला गेला होता आणि तिथे नवा संघ बांधत होता. त्याच उन्हाळ्यात त्याने बार्सेलोनाहून लुईस सुआरेझ उचलला.

आता नकारामागची बेरीज-वजाबाकी. झेलरचं नुकतंच, १९५९ मध्ये, इल्काशी लग्न झालं होतं. हेरेरा खेळाडूंना सामन्याआधी कित्येक दिवस घरापासून दूर कोंडून ठेवण्यासाठी प्रसिद्ध होता. दुसरा प्रश्न राष्ट्रीय संघाचा. परदेशी जाणाऱ्या खेळाडूंबद्दल हेरबेर्गरला प्रेम नव्हतं आणि पुढच्याच वर्षी चिलीत विश्वचषक होता. पण हे दार पूर्ण बंदही नव्हतं. होर्स्ट शिमानियाक १९६१ मध्ये कातानियाला गेला आणि तरीही चिलीच्या संघात होता. त्यामुळे ‘देशासाठी खेळता यावं म्हणून राहिला’ एवढंच उत्तर पुरत नाही.

पुरतं ते तिसरं कारण. त्याच सुमारास झेलरला आदिदासचं उत्तर जर्मनीतलं विक्रीचं काम मिळालं. हेरबेर्गर आणि कंपनीचा मालक आदि डासलर यांचे संबंध १९५४ च्या विश्वचषकापासून घट्ट होते आणि या कामासाठी हेरबेर्गरनेच शब्द टाकला होता. हे काम नावापुरतं नव्हतं. झेलर गाडीत बुटांचे नमुने टाकून दुकानोदुकानी फिरायचा, ऑर्डरी लिहून घ्यायचा, संध्याकाळी सरावाला हजर व्हायचा. राष्ट्रीय संघाचा कर्णधार दारात बुटांचे खोके घेऊन उभा, यावर दुकानदार नाही कसं म्हणणार? कमाई विक्रीवर, म्हणजे नावावर. आणि नावाला वजन हॅम्बुर्गात, किएलमध्ये, ब्रेमेनमध्ये. तेच नाव मिलानमध्ये खेळत असतं तर इकडच्या दुकानदाराला त्याचा काय उपयोग?

इंटरचे पैसे मोठे होते, पण पाच-सहा वर्षांचे. त्या काळात सेंटर फॉरवर्डची तिशी आली की बाजार उठे. आदिदासचं काम पन्नाशीपर्यंत, त्याच्याही पुढे चालणारं होतं आणि तसं ते चाललंही. बंदरावरच्या कामगाराच्या मुलाला एकरकमी घबाडापेक्षा कायमचा धंदा सुरक्षित वाटला, यात मला नवल वाटत नाही. यात क्लबप्रेम नव्हतं असं नव्हे. प्रेम होतंच. पण प्रेमाने निर्णय घेता येईल एवढी मोकळीक त्या दुसऱ्या कमाईने दिली.

हा हिशोब बरोबर होता की नाही, त्याची परीक्षा २० फेब्रुवारी १९६५ ला फ्रँकफर्टच्या मैदानात झाली. आइन्ट्राख्टविरुद्धच्या सामन्यात झेलरच्या टाचेमागची शीर, अकिलीस टेंडन, तुटली. वय अठ्ठावीस. आज ही दुखापत सहा ते नऊ महिन्यांची समजली जाते. १९६५ मध्ये तिचा सरळ अर्थ खेळ संपला असाच घेतला जाई, विशेषतः ज्याचा सगळा खेळ उसळीवर आणि पहिल्या तीन पावलांच्या वेगावर आहे त्याच्या बाबतीत. शस्त्रक्रिया हॅम्बुर्गला झाली.

तो त्या वेळी मिलानमध्ये असता तर? इटालियन क्लबात परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, प्रत्येक जागेवर मालकाचा डोळा. टेंडन तुटलेला अठ्ठावीस वर्षांचा जर्मन ठेवून घेण्यापेक्षा दुसरा आणणं सोपं. हॅम्बुर्गात मात्र क्लब घाई करणार नव्हता, आणि पाय प्लास्टरमध्ये असतानाही आदिदासमधली जागा कुठे जाणार नव्हती. शिवाय त्याचा मालक चांभारकीतला जादूगार. डासलरने त्याच्यासाठी टाचेला आणि शिरेला आधार देणारा खास बूट बनवला. ज्या घराच्या पगारामुळे तो हॅम्बुर्गात राहू शकला, त्याच घराच्या बुटात तो परत उभा राहिला. कंपनीलाही त्यातून जाहिरात मिळाली, हे सांगायलाच हवं. डासलर धर्मादाय संस्था चालवत नव्हता.

सात महिन्यांनी, २६ सप्टेंबर १९६५ ला, स्टॉकहोममध्ये स्वीडनविरुद्ध, इंग्लंडमधल्या १९६६ च्या विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना होता. बर्लिनमधला पहिला सामना १-१ बरोबरीत सुटल्यामुळे हा हरला तर इंग्लंडचं तिकीट हुकण्याची वेळ. नवा प्रशिक्षक हेल्मुट शोन याने दोन जुगार खेळले. वीस वर्षांच्या फ्रान्झ बेकेनबावरला पदार्पण दिलं, आणि ज्याच्या पायाबद्दल कुणालाच खात्री नव्हती त्या झेलरला पहिल्यापासून उतरवलं. स्वीडनने आधी गोल केला, मग क्रेमरने बरोबरी साधली, आणि दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला झेलरने २-१ केला. जर्मनी इंग्लंडला गेली, थेट अंतिम सामन्यापर्यंत. वेम्बलीवर जादा वेळेत २-४ अशी हार झाली, आणि कर्णधार झेलर मान खाली घालून मैदानाबाहेर जातानाचं छायाचित्र जर्मन घराघरांत पोचलं.

त्याच अकरा जणांत राहिलेला आणि गेलेले दोघेही होते. हेल्मुट हालर बोलोन्याचा. डावा बचावपटू कार्ल-हाइन्झ श्नेलिंगर एसी मिलानचा, म्हणजे इंटरच्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबचा. झेलरच्या प्रकरणाला आरसा हवा असेल तर तो श्नेलिंगर. दोघांनी तेच चार विश्वचषक खेळले: १९५८, १९६२, १९६६, १९७०. श्नेलिंगर कलोन सोडून १९६३ मध्ये इटलीत गेला आणि मान्तोव्हा, रोमा करत मिलानला स्थिरावला. राष्ट्रीय संघातली त्याची जागा त्यामुळे गेली नाही. १९६८ मध्ये त्याला इटालियन लीग मिळाली, १९६९ मध्ये युरोपियन चषक. आणि १९६८ च्या मे महिन्यात रॉटरडॅमला युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात मिलानने २-० ने ज्याला हरवलं तो संघ एचएसव्हीच होता. एकीकडे श्नेलिंगर, दुसरीकडे झेलर.

म्हणून किंमत मोजली गेली नाही असं कुणी म्हणू नये. ज्या इंटरकडे झेलर गेला असता, त्या इंटरने १९६३, १९६५ आणि १९६६ मध्ये इटालियन लीग, १९६४ आणि १९६५ मध्ये युरोपियन चषक जिंकला. झेलरच्या खात्यात मोठी विजेतेपदं दोनच: १९६० चं राष्ट्रीय विजेतेपद आणि १९६३ चा जर्मन चषक. चषकाच्या अंतिम सामन्यात डॉर्टमुंडविरुद्धचे तिन्ही गोल त्याने मारले. चार विश्वचषकांत गोल करणारे पहिले दोन खेळाडू म्हणजे पेले आणि तो; पण पेलेकडे तीन विजेतेपदं, झेलरकडे एकही नाही.

आणि क्लबने काय दिलं? १९६३ मध्ये देशभराची एक लीग, बुंडेसलिगा, सुरू झाली. पगारावर तिथेही मर्यादा होती, महिन्याला १,२०० मार्क, बड्या राष्ट्रीय खेळाडूंना थोडी सूट. पहिल्याच हंगामात झेलरने ३० गोल मारून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. संघ मात्र त्याच्या सबंध कारकिर्दीत बुंडेसलिगा जिंकण्याच्या जवळपासही फिरकला नाही. उत्तरेतल्या लीगमध्ये नऊ वर्षं सहज जिंकायची सवय लागलेल्या क्लबला नव्या लीगचं गणित उमगलंच नाही. चार्ली डोर्फेलने डाव्या बाजूने चेंडू उचलायचा आणि उवेने तो जाळ्यात घालायचा, यावर किती वर्षं चालणार? घरचा हिरा फुकटात मिळाला म्हणून क्लब निवांत राहिला, असं माझं मत आहे. झेलरच्या निष्ठेचा सर्वाधिक फायदा घेतला तो या आळसाने. प्रादेशिक लीगमध्ये २३७ सामन्यांत २६७ गोल आणि बुंडेसलिगात २३९ सामन्यांत १३७, असे लीगमधले ४०४ गोल एका माणसाने एका क्लबला दिले आणि बदल्यात दोन चषक मिळाले. हॅम्बुर्गच्या सुवर्णकाळाची सुरुवात तो निवृत्त झाल्यावर झाली, आणि तीही केव्हिन कीगनसारखे खेळाडू बाहेरून पैसे मोजून आणल्यावर.

त्याच्या राष्ट्रीय कारकिर्दीचा शेवट जास्त गोड झाला. १९७० मध्ये मेक्सिकोला तो तेहतीस वर्षांचा होता. गेर्ड म्युलर नावाचा तरुण पुढे उभा असल्यामुळे शोनने त्याला मागे खेचून खेळवलं. कर्णधाराने स्वतःची जागा दुसऱ्याला सोडायची, यावर बोभाटा होईल असं अनेकांना वाटलं होतं. झेलरने ते निमूट केलं. लिऑनमध्ये इंग्लंडविरुद्ध जर्मनी ०-२ मागे होती. बेकेनबावरने एक गोल फेडला, आणि आठ मिनिटं उरली असताना झेलरने गोलाकडे पाठ असताना डोक्याच्या मागच्या भागाने चेंडू उडवून बरोबरी साधली. जादा वेळेत म्युलरने सामना संपवला. त्या वर्षी झेलर तिसऱ्यांदा जर्मनीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. एकूण ७२ सामने, ४३ गोल.

‘एकाच क्लबचा खेळाडू’ या बिरुदात एक गमतीशीर खोट आहे. एप्रिल १९७८ मध्ये, निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, तो आयर्लंडमधल्या कॉर्क सेल्टिककडून एक सामना खेळला. आदिदासच्या ओळखीतून हे जमलं होतं आणि तो प्रदर्शनीय सामना असेल अशी त्याची समजूत होती. निघाला तो लीगचा अधिकृत सामना, शॅमरॉक रोव्हर्सविरुद्ध. कॉर्क २-६ ने हरला; दोन्ही गोल एकेचाळीस वर्षांच्या झेलरचे. इंटरच्या बारा लाखांना जे जमलं नाही ते आदिदासच्या एका फोनने झालं. कुणाचा शब्द त्याला मोडवत नसे, ते यावरून कळावं.

क्लबचा शब्द मात्र त्याने एकदा मोडायला हवा होता. १९९५ च्या शरदात एचएसव्ही कर्जात आणि गुणतक्त्याच्या तळाशी होता, आणि अध्यक्ष म्हणून झेलरला बोलावलं गेलं. त्याच्याकडे व्यवस्थापनाचा अनुभव नव्हता. लोकांचा विश्वास होता, आणि क्लबला नेमका तोच वापरायचा होता. सुरुवात बरी झाली. संघ त्या हंगामात पाचवा आला, नव्या स्टेडियमच्या बांधणीला गती आली. मग संचालक मंडळातल्या एका सहकाऱ्याने पूर्व जर्मनीत केलेले जमीन-घरांचे व्यवहार अंगाशी आले आणि क्लबचं नाव वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर झळकू लागलं. झेलरवर वैयक्तिक अपहाराचा ठपका नव्हता. पण अध्यक्ष तो होता, आणि १९९८ मध्ये त्याने पद सोडलं.

चोवीसाव्या वर्षी जो माणूस स्वतःच्या कमाईचा, धंद्याचा, घराचा एवढा नीट विचार करू शकला, तो साठीत असा कसा फसला? माझा तर्क असा: १९६१ मध्ये त्याच्या एका हातात क्लब आणि दुसऱ्या हातात आदिदास होतं, आणि या दोन गोष्टी त्याने कधी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. १९९५ मध्ये ती दुसरी बाजूच नव्हती. पणाला लागलं होतं ते फक्त नाव, आणि त्या नावाचे व्यवहार दुसरे करत होते.

हॅम्बुर्गने या तीन वर्षांचा हिशोब फारसा मनात ठेवला नाही. २००३ मध्ये त्याला शहराचं मानद नागरिकत्व मिळालं. हा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. २००५ मध्ये स्टेडियमसमोर त्याच्या उजव्या पावलाचं कित्येक टनांचं ब्राँझ शिल्प बसवलं. लोकांच्या तोंडी तो शेवटपर्यंत ‘उन्स उवे’, आपला उवे, राहिला. २०१८ मध्ये क्लब पहिल्यांदाच दुसऱ्या श्रेणीत घसरला, तेही त्याला पाहावं लागलं. २१ जुलै २०२२ ला तो गेला तेव्हा एचएसव्ही दुसऱ्याच श्रेणीत होता.

त्याचा नातू लेविन ओझतुनाली हाही फुटबॉलपटू. एचएसव्हीच्या युवा संघात घडला आणि २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी, लेव्हरकुसेनला निघून गेला. हॅम्बुर्गात तेव्हा बरीच कुजबुज झाली. लेव्हरकुसेन चॅम्पियन्स लीग खेळत होतं, एचएसव्ही कसाबसा तग धरून होता. पोराने चूक केली असं मला म्हणवत नाही. ब्रेमेन, माइन्झ, युनियन बर्लिन असा फिरून तो २०२३ मध्ये परत आला, दुसऱ्या श्रेणीतल्या एचएसव्हीत. तिथे त्याला संघात फारशी जागा मिळाली नाही.